होडी बांधावी कोठे? बोयाला की धक्क्याला?

१ नोव्हेंबर २०१२ रोजी भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी 'म्हादेई' नावाची शिडाची होडी घेऊन मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी, वाटेत कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईलाच परत आले. अशा सफरींची वर्णने आपण आवडीने वाचतो. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. कोणतीही शिडाची होडी तिच्या आयुष्याचा फार थोडा काळ प्रवासात असते. उरलेला सगळा काळ ती कोठेतरी बांधलेली असते. त्या काळातही वारा वाहत असतो, भरती-ओहोटी चालूच असते, लाटा येत असतात. आणि त्या वेळी होडीवर बहुधा कोणीही नसते. प्रवासात संकट आले तर सुकाणू धरणारा माणूस तरी असतो. बांधलेल्या होडीचे रक्षण मात्र दोर, साखळी आणि ती बांधणाऱ्याने आधी केलेला हिशेब यांवरच अवलंबून असते.

हा हिशेब आपण आज करून पाहू. त्यासाठी शाळेत शिकलेल्या गोष्टी पुरेशा आहेत: आर्किमिडीजचे तत्त्व, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि बलांची बेरीज.

दोन पद्धती

मुंबईस गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहिलात तर समोरच्या पाण्यात शिडाच्या होड्या एकेकट्या उभ्या असलेल्या दिसतील. प्रत्येक होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, एक दोर पाण्यात तरंगणाऱ्या बोयाकडे गेलेला असतो. बोयाखाली साखळी, आणि साखळीचे खालचे टोक समुद्राच्या तळावरील एका जड ठोकळ्याला अडकवलेले असते. होडी एकाच बिंदूशी बांधलेली असल्यामुळे ती त्याच्याभोवती मोकळेपणाने फिरू शकते. खुंटाला लांब दाव्याने बांधलेली गाय जशी खुंटाभोवती फिरते तसेच हे आहे. या पद्धतीला नाविकांच्या भाषेत 'स्विंग मूरिंग' म्हणतात. आपण तिला 'बोयाची पद्धत' म्हणू.

दुसरी पद्धत 'मरिना'ची. बाहेरच्या लाटांपासून बांध घालून सुरक्षित केलेल्या पाण्यात तरंगते धक्के बसवलेले असतात. त्यांना दोन्ही बाजूंनी बोटांसारखे फाटे फुटलेले असतात आणि दोन फाट्यांमध्ये, गोठ्यात जनावरे बांधावीत तशी, एकेक होडी तीन-चार दोरांनी बांधलेली असते. माणूस धक्क्यावरून चालत जाऊन सरळ होडीत पाऊल ठेवतो. वीज आणि गोडे पाणी जागेवर मिळते. कोचीजवळ बोलगाट्टी बेटावर अशी मरिना आहे. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर त्या पुष्कळ आहेत.

सोयीचा विचार केला तर मरिना सरस, हे उघड आहे. मग बोयाची पद्धत केवळ स्वस्त म्हणून टिकून आहे काय? तसे नाही. तिच्या मागे चांगले पदार्थविज्ञान आहे.

भरतीचा प्रश्न

होडी बांधणाऱ्याचा पहिला विरोधक म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, पाण्याची पातळी सहा तासांत चार मीटरहूनही अधिक बदलते. काही दिवशी हा फरक पाच मीटरच्या जवळ जातो. गोव्याच्या किनाऱ्यावर तो सुमारे दोन मीटर असतो. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो इतका थोडा असतो की तेथे होडी सरळ दगडी धक्क्याला बांधून चालते.

मुंबईत तसे करून पहा. पूर्ण भरतीच्या वेळी धक्क्यावरच्या खुंटाला होडी आखूड दोरांनी बांधली आणि तुम्ही घरी गेलात, तर ओहोटीला पाणी खाली जाईल व होडी दोरांना लोंबकळू लागेल! दोर तुटतील, नाहीतर होडीवरचे खुंट उपटून निघतील. उलट दोर फार सैल ठेवले तर भरतीला होडी धक्क्यावर आदळत राहील. आपले कोळी बांधव आणि तांडेल हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. भरतीची वेळ काढण्याचा त्यांचा हिशेबही सोपा आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईच्या आसपास हे गणित स्थूलमानाने बरोबर येते.

मोठ्या जहाजांसाठी या प्रश्नावर वेगळे उत्तर शोधण्यात आले. मुंबईतील इंदिरा गोदी, जी १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी या नावाने सुरू झाली, तिला दरवाजे आहेत. दरवाजे बंद करून आतल्या पाण्याची पातळी राखता येते, म्हणून आत उभ्या जहाजांना ओहोटीची चिंता नसते.

लहान होड्यांसाठी मरिनाचे उत्तर असे: पाणी थांबवता येत नसेल तर धक्काच पाण्याबरोबर वरखाली जाऊ द्यावा. तरंगत्या धक्क्याला कडी असते, ती कडी तळात रोवलेल्या उंच खांबाभोवती बसवलेली असते आणि धक्का खांबाच्या आधाराने वर-खाली सरकतो. होडी आणि धक्का एकदमच चढतात-उतरतात, त्यामुळे दोरांची लांबी बदलावी लागत नाही.

मात्र भरतीचा फरक नाहीसा झालेला नाही, तो फक्त दुसरीकडे गेला आहे. जमिनीवरून तरंगत्या धक्क्यावर उतरण्यासाठी जो पूल असतो, त्याचा उतार आता दर तासाला बदलतो. समजा पूर्ण भरतीला पूल सपाट आहे आणि ओहोटीला धक्का ५ मीटर खाली जातो. पुलाची लांबी १० मीटर असेल तर कोनाची ज्या ५/१०, म्हणजे कोन ३० अंश. हा जवळजवळ जिन्याचाच चढ झाला. पूल २० मीटर लांब केला तर ज्या ५/२० आणि कोन सुमारे साडेचौदा अंश. म्हणून ज्या बंदरात भरती मोठी तेथे मरिनाचे पूल लांब आणि खांब उंच असावे लागतात, आणि खर्च वाढतो.

बोयाच्या पद्धतीत यातले काहीच लागत नाही. बोया पाण्याबरोबर वर जातो, साखळीचा काही भाग तळावरून उचलला जातो. बोया खाली येतो, साखळी पुन्हा तळावर पसरते. किती सरळ उपाय!

तळाशी काय आहे?

आता बोयाखालच्या व्यवस्थेकडे पाहू. तळावरचा ठोकळा काँक्रीटचा करावा की बिडाचा? येथे आर्किमिडीज मदतीला येतो.

काँक्रीटची घनता दर घनमीटरला सुमारे २४०० किलोग्रॅम, बिडाची सुमारे ७२०० आणि समुद्राच्या पाण्याची १०२५ किलोग्रॅम आहे. १००० किलोग्रॅमचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात बुडवला तर तो १०००/२४०० घनमीटर पाणी बाजूला सारतो. त्या पाण्याचे वजन सुमारे ४२७ किलोग्रॅम. म्हणजे पाण्याखाली ठोकळ्याचे वजन ५७३ किलोग्रॅमच भरते! तेवढ्याच वस्तुमानाचा बिडाचा ठोकळा फक्त १४२ किलोग्रॅम पाणी सारतो आणि पाण्याखालीही ८५८ किलोग्रॅम भरतो. जमिनीवर ज्यांचे वजन सारखे, त्यांची पकड समुद्राच्या तळावर सारखी राहत नाही. काँक्रीट स्वस्त असते म्हणून ते वापरतात, पण वापरताना हा तोटा धरावा लागतो. मुंबई बंदरासारख्या चिखलाच्या तळात मात्र ठोकळा हळूहळू रुततो आणि भोवतालचा चिखल त्याला धरून ठेवतो; ही जादा पकड फार उपयोगी पडते.

साखळी जड का असते?

दोर साखळीपेक्षा हलका, स्वस्त आणि हाताळायला सोपा. मग ठोकळ्यापासून बोयापर्यंत जड लोखंडी साखळीच का घालतात? केवळ मजबुतीसाठी, असे उत्तर कोणीही देईल. ते अर्धेच बरोबर आहे.

वारा नसताना साखळीचा बराचसा भाग तळावर पडलेला असतो. वारा वाढला की होडी मागे सरते आणि साखळीची एकेक कडी तळावरून उचलली जाते. दर कडी उचलताना होडीला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करावे लागते. झुळूक ओसरली की साखळी पुन्हा खाली बसते आणि होडीला पुढे ओढून घेते. म्हणजे ही साखळी स्प्रिंगसारखे काम करते. दोन टोकांना धरलेली साखळी ज्या वक्रात लोंबते त्याचे गणित जुने आहे, आणि त्यावरून आपल्या कामाचे एक सोपे सूत्र मिळते. साखळीचे पाण्यातील वजन दर मीटरला 'व', उचललेल्या साखळीची लांबी 'ल' आणि पाण्याची खोली 'ख' असेल तर

आडवे बल = व × (ल² − ख²) ÷ (२ × ख)

एक उदाहरण घेऊ. १६ मिलिमीटर जाडीच्या कड्यांची साखळी पाण्यात दर मीटरला सुमारे ५ किलोग्रॅम भरते. आपली साखळी २० मीटर लांब आहे. ओहोटीला खोली ३ मीटर आणि भरतीला ८ मीटर आहे. शेवटची कडी तळावरून उचलली जाण्यासाठी किती बल लागेल?

ओहोटीला: ५ × (४०० − ९) ÷ ६ = सुमारे ३२६ किलोग्रॅम-भार.
भरतीला: ५ × (४०० − ६४) ÷ १६ = १०५ किलोग्रॅम-भार.

साखळी तीच, होडी तीच, ठोकळा तोच; परंतु भरतीच्या वेळी साखळीची राखीव शक्ती एक-तृतीयांशापेक्षाही कमी झाली.

आता वाऱ्याचे बल काढू. वाऱ्याचे बल हे हवेच्या घनतेच्या निम्मे, गुणिले समोरचे क्षेत्रफळ, गुणिले वेगाचा वर्ग, असे ढोबळमानाने धरता येते. हवेची घनता १.२ किलोग्रॅम दर घनमीटर. आठ मीटर लांबीच्या होडीचा पुढचा भाग, डोलकाठी आणि तिचे दोर मिळून समोरचे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर धरू. मग

वेग सेकंदाला १० मीटर (ताशी ३६ किलोमीटर): ३०० न्यूटन, सुमारे ३१ किलोग्रॅम-भार.
वेग सेकंदाला १५ मीटर (ताशी ५४ किलोमीटर): ६७५ न्यूटन, सुमारे ६९ किलोग्रॅम-भार.
वेग सेकंदाला २० मीटर (ताशी ७२ किलोमीटर): १२०० न्यूटन, सुमारे १२२ किलोग्रॅम-भार.
वेग सेकंदाला ३० मीटर (ताशी १०८ किलोमीटर): २७०० न्यूटन, सुमारे २७५ किलोग्रॅम-भार.

हे आकडे साखळीच्या आकड्यांशेजारी ठेवून पहा. ओहोटीच्या वेळी ताशी १०८ किलोमीटरचा वारासुद्धा साखळीची शेवटची कडी उचलू शकत नाही. भरतीच्या वेळी मात्र ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यातच सगळी साखळी तळावरून सुटते. त्यानंतर दोन गोष्टी घडतात. एक, साखळी ठोकळ्याला आडवी न ओढता थोडी वर ओढू लागते व ठोकळ्याची पकड ढिली होते. दुसरी, साखळीत सैलपणा उरत नाही, म्हणून लाटेवर होडी उसळली की प्रत्येक उसळी हिसका बनून दोरावर आणि होडीच्या खुंटावर येते. असे हिसके वाऱ्याच्या स्थिर बलापेक्षा कितीतरी मोठे असतात. म्हणूनच बोयापासून होडीपर्यंतचा शेवटचा दोर ताणला जाणाऱ्या नायलॉनचा ठेवतात आणि ठोकळा साध्या हिशेबाला लागेल त्याहून बराच जड घेतात.

यावरून एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे: बोयाला बांधलेल्या होडीची खरी कसोटी उधाणाची भरती आणि वादळ एकाच वेळी येतात तेव्हा लागते. साखळीची लांबी नेहमी त्या वेळच्या खोलीवरून ठरवावी, रोजच्या खोलीवरून ठरवू नये.

तोंड वाऱ्याकडे

बोयाच्या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण अजून सांगावयाचा आहे. पुढच्या टोकाने बांधलेली होडी वातकुक्कुटासारखी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. म्हणजे तिचे कमीत कमी क्षेत्रफळ वाऱ्यासमोर येते, आणि लाटाही तिच्या निमुळत्या नाळेवर फुटतात. होडीची बांधणी अशाच लाटा झेलण्यासाठी केलेली असते.

मरिनातील होडीला हे स्वातंत्र्य नाही. तिला ज्या दिशेने बांधले त्याच दिशेने ती राहणार. वारा बाजूने आला तर समोरचे क्षेत्रफळ ५ ऐवजी १५ चौरस मीटर होऊ शकते. सेकंदाला २० मीटरच्या वाऱ्यात बल १२०० ऐवजी ३६०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३६७ किलोग्रॅम-भार झाले! म्हणून तेथे पुढचा दोर, मागचा दोर आणि पुढे-मागे सरकणे रोखणारे दोन तिरपे दोर असे बल वाटून घेणारे बांधकाम करतात, आणि होडी व धक्का यांच्यामध्ये हवेने फुगवलेल्या गाद्या टांगतात. आपल्या लाँचींच्या कडेला जुने टायर टांगलेले असतात त्यांचे कामही हेच.

बोयाला बांधलेल्या होडीचे तोंड नेहमी वाऱ्याकडेच असते असे मात्र नाही. खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह असतो, आणि पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून अधिक दाट आहे. सेकंदाला एक मीटर वेगाचा प्रवाह दर चौरस मीटरवर जेवढा दाब आणतो, तेवढा आणण्यासाठी वाऱ्याला ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेग घ्यावा लागतो. म्हणून खोल तळाची शिडाची होडी प्रवाहाकडे तोंड करते, तर शेजारची उथळ, हलकी मोटारबोट वाऱ्याकडे तोंड करते. वारा आणि प्रवाह विरुद्ध दिशांनी असले की दोघी वेगवेगळ्या फिरतात व एकमेकींवर आदळू शकतात. एका भागातील बोयांना शक्यतो एकाच जातीच्या होड्या बांधाव्यात, असे म्हणतात ते यासाठी.

जागेचा हिशेब

बोयाच्या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे तिला लागणारी जागा. आपल्या उदाहरणात ओहोटीला ताणलेल्या साखळीचे आडवे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने √(४०० − ९), म्हणजे १९.८ मीटर. त्यात २ मीटर दोर आणि ८ मीटर होडी मिळवा. त्रिज्या जवळजवळ ३० मीटर झाली. वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४ × ९०० = २८२६ चौरस मीटर.

मरिनातील एका होडीला चालण्याचा धक्का आणि वळण्याची गल्ली धरून १०० चौरस मीटर पाणी लागते असे मानू. म्हणजे बोयाच्या एका वर्तुळात मरिनातील अठ्ठावीस होड्या मावतील. सगळ्या होड्या एकाच दिशेने फिरत असल्या तर शेजारची वर्तुळे थोडी एकमेकांत शिरू देतात, तरीही फरक मोठाच राहतो. गर्दीच्या बंदरांत मरिना वाढल्या त्याचे मुख्य कारण हेच.

न दिसणारी झीज

दोन्ही पद्धतींना आपापले छुपे शत्रू आहेत. बोयाच्या साखळीचा जो भाग रोज तळावरून उचलला जातो आणि पुन्हा टेकतो, तो रेती-चिखलावर घासून सर्वांत आधी झिजतो. ठोकळ्याजवळचा भाग धडधाकट, बोयाजवळचा भाग धडधाकट, आणि मधल्या कड्या अर्ध्या झिजलेल्या! साखळीची शक्ती तिच्या सर्वांत कमकुवत कडीएवढीच असते. म्हणून पाणबुड्याकडून किंवा साखळी वर काढून दरवर्षी तपासणी करावी लागते. साखळीला पीळ पडू नये म्हणून घातलेली फिरकीची कडीही अशीच झिजते.

मरिनात शत्रू विजेच्या रूपाने येतो. समुद्राचे पाणी विजेचे वाहक आहे. त्यात दोन वेगळे धातू ठेवून ते तारेने जोडले की व्होल्टाचा विद्युत्‌घट तयार होतो आणि अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो. होडीचा पितळी किंवा कांस्याचा पंखा वाचवण्यासाठी म्हणून तिच्या तळाला जस्ताचे तुकडे लावतात. जस्त स्वतः झिजते आणि पंखा टिकतो. आता मरिनातील होड्या धक्क्यावरून वीज घेतात. सुरक्षिततेसाठी प्रत्येक होडीची अर्थिंगची तार धक्क्याच्या अर्थिंगला जोडलेली असते. परिणामी शेजारशेजारच्या होड्यांचे धातू तारेने एकमेकांना जोडले जातात, आणि तुमच्या होडीचे जस्त शेजाऱ्याच्या होडीचे रक्षण करण्यात खर्ची पडते! हा प्रवाह रोखणारे उपकरण तारेत बसवणे हा त्यावरचा उपाय. अर्थिंगची तार काढून टाकणे हा उपाय मुळीच नव्हे, कारण त्यात माणसाच्या जिवाला धोका असतो.

समुद्रतळाचाही विचार केला पाहिजे. वाऱ्याबरोबर फिरणारी साखळी तळ खरवडते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील रॉटनेस्ट बेटाजवळ समुद्री गवताच्या कुरणांत बोयांभोवती उघडी वर्तुळे पडलेली आढळली आहेत. तळाला न टेकणारे लवचीक दोर वापरून हे टाळता येते. मरिनातही नुकसान होतेच. होडीच्या तळाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून तांब्याची संयुगे असलेला रंग देतात. मरिनाच्या कोंडलेल्या पाण्यात शेकडो होड्यांचे तांबे साठत जाते. अमेरिकेतील सॅन डिएगो बंदराच्या शेल्टर आयलंड भागात हा प्रश्न गंभीर झाला आहे.

होलिहेडची गोष्ट

मरिनात होडी पूर्ण सुरक्षित असते, असे तुम्हांस अजून वाटत असेल तर ही हकिगत वाचा. ब्रिटनमधील वेल्सच्या वायव्य टोकाला होलिहेड नावाचे बंदर आहे. त्याचा लाटाबांध सुमारे २.७ किलोमीटर लांब असून तो १८७३ साली पुरा झाला. ब्रिटनमधील सर्वांत लांब लाटाबांध तो हाच. तेथील वादळे बहुधा पश्चिमेकडून येतात आणि त्या बाजूने हा बांध उत्तम आडोसा देतो. त्याच्या आश्रयाला तरंगत्या धक्क्यांची मरिना होती.

१ आणि २ मार्च २०१८ रोजी 'एमा' नावाच्या वादळात वारा नेहमीच्या दिशेने न येता ईशान्येकडून आला. त्या बाजूला बंदर उघडे होते. लाटा थेट आत शिरल्या. तरंगते धक्के मोडले; आणि धक्का मोडला की त्याला बांधलेल्या होड्याही त्याच्याबरोबरच सुटतात, शेजारच्या धक्क्यावर आदळतात आणि तोही मोडतो. सुमारे ऐंशी होड्यांचे नुकसान झाले, कित्येक बुडाल्या. धक्क्यांच्या आतील थर्मोकोलचे तुकडे किनाऱ्यावर दूरवर पसरले.

येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. आडोसा हा नेहमी कोणत्या तरी दिशेपुरता असतो. 'हे बंदर सुरक्षित आहे काय?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या वाऱ्यात सुरक्षित आहे?' असे विचारले पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, बोयांच्या पद्धतीत एक साखळी तुटली तर सामान्यतः एक होडी सुटते. मरिनात सगळ्या होड्यांचे भवितव्य एकाच बांधणीला जोडलेले असते. वादळात पाण्याची पातळी खांबांच्या टोकांहून वर चढली तर धक्का खांबांतून निसटून होड्यांसकट वाहत जाऊ शकतो.

मुंबई बंदराची परिस्थिती यावरून तपासून पहा. पश्चिमेच्या वाऱ्याला मुंबई बेट आडवे येते. बंदराचे तोंड मात्र दक्षिणेच्या अंगाला आहे आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडील लाटा तेथून आत येतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी शिडाच्या होड्या पाण्याबाहेर काढून ठेवतात. कोकणातील कोळीही आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. होडी बांधण्याची ही तिसरी पद्धत म्हणावी, आणि वादळाच्या दिवसांत ती पहिल्या दोहोंपेक्षा चांगली.

मग निवड कशी करावी?

ज्याला रोज संध्याकाळी तासभर शीड उभारायचे आहे, ज्याच्याबरोबर म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतात, त्याला मरिना सोयीची. बोयाकडे जायला लहान होडके वल्हवत न्यावे लागते. रात्री, लाटांत, सामानाने भरलेल्या होडक्यातून जाणे हा सगळ्या सफरीतील सर्वांत धोक्याचा भाग ठरू शकतो. लाइफ-जॅकेट घालण्याची खरी गरज तेथेच असते, आणि अंतर थोडे म्हणून लोक नेमके तेथेच ते घालत नाहीत. उलट जेथे पाणी प्रशस्त आहे, आडोसा बऱ्याच बाजूंनी आहे, तळात पकड चांगली आहे आणि मालक साखळी दरवर्षी तपासतो, तेथे बोयाला बांधलेली होडी वाऱ्याबरोबर फिरत निर्धास्त उभी राहते.

करून पहा

एक मीटर लांबीची, सुमारे ५०० ग्रॅम वजनाची लोखंडी साखळी घ्या. तिचे एक टोक टेबलाला खिळ्याने पक्के करा. दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा तराजू अडकवा. साखळीचे हे टोक टेबलापासून १५ सेंटिमीटर उंचीवर ठेवून, तराजू साखळीच्या रेषेत धरून ओढा. खिळ्याजवळची शेवटची कडी उचलली जाऊ लागेल त्या क्षणी तराजूवरील आकडा वाचा. मग उंची ४० सेंटिमीटर करून तेच पुन्हा करा. लांबी आणि उंची यांचे प्रमाण आपल्या उदाहरणातील साखळी व खोली यांच्याइतकेच आहे, म्हणजे ही आपल्या बोयाची विसाव्या भागाची प्रतिकृती झाली. पहिल्या वेळी सुमारे १७०० ग्रॅम आणि दुसऱ्या वेळी सुमारे ७२५ ग्रॅम आकडा यावयास हवा. यांत साखळीचे स्वतःचे ५०० ग्रॅम वजन उभ्या दिशेने धरलेले आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने ते वेगळे काढा आणि आडव्या बलांचे गुणोत्तर तीनपटीच्या आसपास येते का ते पहा.

विचार करा

१. आपल्या उदाहरणातील साखळी २० ऐवजी ३० मीटर केली तर भरतीच्या वेळी शेवटची कडी उचलण्यास किती बल लागेल? ओहोटीला होडीचे वर्तुळ किती मोठे होईल? पहिला फायदा दुसऱ्या तोट्याच्या मोलाचा आहे काय?

२. ६०० किलोग्रॅमचा बिडाचा ठोकळा पाण्याखाली जेवढा भरतो, तेवढाच भरण्यासाठी काँक्रीटचा ठोकळा किती किलोग्रॅमचा घ्यावा लागेल?

३. तुमच्या जवळच्या बंदराचा, खाडीचा किंवा धरणाच्या जलाशयाचा नकाशा घ्या. कोणत्या दिशांच्या वाऱ्यापासून तेथे आडोसा आहे आणि कोणत्या बाजूने ते उघडे आहे, हे नकाशावर बाणांनी दाखवा. नंतर तेथील एखाद्या वृद्ध तांडेलाला किंवा नावाड्याला विचारा आणि तुमचे बाण बरोबर आहेत का ते ताडून पहा.